चारपैकी दोन सह्या

२४ एप्रिल २०१३. सकाळचे नऊ वाजायला काही मिनिटे कमी होती. ढाक्याजवळच्या सावारमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसे मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. त्यात बहुतेक शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका होत्या. इमारत कशी पडली हे सरकारी चौकशी समितीने महिन्याभरात सांगितले : भराव टाकलेली पाणथळ जागा, हलक्या दर्जाचे साहित्य, बेकायदा मजले, आणि वर थरथरणारी यंत्रे आणि जनरेटर. तिच्याखाली माणसे का होती, हा हिशेब मात्र तासातासाने मांडावा लागतो. कंपनीने नफा कमवावा आणि कायदा पाळावा, यापलीकडे ती समाजाचे काही देणे लागते का, या जुन्या वादाचे उत्तर त्या वेळापत्रकातच सापडते.

आठ वर्षे आधी : ११ एप्रिल २००५, मध्यरात्रीनंतर

सावारच्याच पलाशबाडी भागात स्पेक्ट्रम स्वेटर हा नऊ मजली कारखाना रातपाळी चालू असताना कोसळतो. ६४ जण मरतात. जागा दलदलीची, मजले परवानगीपेक्षा जास्त, आणि माल घेणाऱ्या कंपन्या युरोपातल्या. पुढच्या सगळ्या प्रकरणाचा आराखडा इथेच तयार आहे.

त्यानंतरच्या वर्षांत सोहेल राणा हा स्थानिक राजकारणातला माणूस भरलेल्या तळ्याच्या जागेवर स्वतःच्या नावाची इमारत उभी करतो. परवानगी नगरपालिकेची, पाच मजल्यांची. वास्तुरचनाकाराने आराखडा काढलेला असतो दुकाने आणि कार्यालयांसाठी. प्रत्यक्षात मजले होतात आठ, नवव्याचे काम सुरू होते, आणि वर येतात पाच गारमेंट कारखाने. दुकानाच्या मजल्यावर कापडाचे तागे आणि गिऱ्हाइके असतात. कारखान्याच्या मजल्यावर शेकडो मशीन एका लयीत धडधडत असतात, आणि वीज गेली की डिझेल जनरेटर. खांबांनी तो हादरा सोसावा, असे कुणी कागदावर मांडलेलेच नव्हते.

दोन वर्षे आधी : एप्रिल २०११, ढाका

चार महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१० मध्ये, ‘दॅट्स इट स्पोर्ट्सवेअर’ या कारखान्यात आग लागून २९ कामगार मेलेत. आता परदेशी खरेदीदार, कारखानदार, कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्था एका टेबलाभोवती बसल्या आहेत. चर्चेत एक करार आहे : खरेदीदार कंपन्यांनी मालाला असा भाव द्यावा की त्यातून कारखान्याची दुरुस्ती परवडेल, आणि हे वचन कोर्टात लागू करता येईल असे असावे. हजारो कारखान्यांचा खर्च आहे, अशी गुंतवणूक आर्थिकदृष्ट्या शक्य नाही, अशी वॉलमार्टच्या प्रतिनिधीची भूमिका बैठकीच्या इतिवृत्तात नोंदली जाते. पुढच्या वर्षाअखेरीस ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था ते इतिवृत्त उघड करते.

यात वॉलमार्टने कोणताही कायदा मोडला नाही. तिचे म्हणणे ऐकणाऱ्या इतर कंपन्यांनीही नाही. बांगलादेशातल्या इमारतीचे खांब तपासणे ही अमेरिकेतल्या दुकानदाराची कायदेशीर जबाबदारी नव्हतीच.

तेरा महिने आधी : मार्च २०१२

त्याच चर्चेतून निघालेल्या करारावर पहिली सही होते. टॉमी हिलफिगरची मालक असलेली अमेरिकन कंपनी पीव्हीएच ती करते. सप्टेंबरमध्ये जर्मनीच्या चिबो कंपनीची दुसरी सही येते. स्वतंत्र तपासनीस, सगळ्यांना वाचता येतील असे अहवाल, सक्तीची दुरुस्ती आणि खर्चात खरेदीदाराचा वाटा, असे सगळे त्यात आहे. अट एकच आहे. चार कंपन्यांनी सही केली तरच करार लागू होईल.

बाकीच्या बड्या कंपन्यांना आपापले ऐच्छिक कार्यक्रम अधिक सोयीचे वाटतात. ऐच्छिक वचनाचा फायदा असा की ते मोडले तरी कुणी जाब विचारू शकत नाही. सह्या दोनवरच अडकतात.

पाच महिने आधी : २४ नोव्हेंबर २०१२, संध्याकाळ

आशुलियातल्या ताझरीन फॅशन्समध्ये तळमजल्यावर आग लागते. धोक्याची घंटा वाजते. काही मजल्यांवरचे मॅनेजर कामगारांना सांगतात, काही नाही, मशीनवर बसा. दारे बंद असतात. किमान ११२ जण मरतात. जळालेल्या मालात वॉलमार्टसाठीचे कपडेही सापडतात. आमच्या परवानगीशिवाय पोटकंत्राटदाराने तिथे काम दिले, असे कंपनी म्हणते. तेही खरे असेल. पोटकंत्राटांची अशी साखळी असली की हात झटकायला प्रत्येक कडीला जागा मिळते.

सह्या अजूनही दोनच.

चोवीस तास आधी : मंगळवार, २३ एप्रिल, सकाळ

राणा प्लाझाच्या खांबांना आणि भिंतींना मोठे तडे जातात. आवाज ऐकून कामगार घाबरून जिन्यांवरून खाली धावतात. स्थानिक वाहिनीचा बातमीदार कॅमेरा घेऊन पोचतो आणि तड्यांचे चित्रीकरण करतो. म्हणजे हे काही कुणाच्या नकळत, भिंतीआड घडलेले नाही. संध्याकाळच्या बातम्यांत ते दिसणार आहे.

खाली ब्रॅक बँकेची शाखा आहे. बँक तिथल्या कर्मचाऱ्यांना बाहेर काढते आणि शाखा बंद करते.

इथे थोडे थांबायला हवे. इमारत तीच, तडा तोच, देश आणि कायदा तोच. औद्योगिक पोलिसांनी तज्ज्ञ तपासणी होईपर्यंत काम थांबवायला सांगितले होते, पण दाराला सरकारी टाळे कुणी ठोकले नव्हते. इमारत वापरायची की नाही, हे व्यवहारात ज्याचे त्यानेच ठरवायचे होते. बँकेने जे ठरवले त्याला परोपकार म्हणता येणार नाही. तड्याकडे पाहून कुठल्याही शहाण्या माणसाने जे केले असते तेच तिने केले. कंपनीने समाजासाठी ‘जास्तीचे’ काय करायचे, असा प्रश्न विचारला की आपल्या डोळ्यांसमोर शाळा, रुग्णालये आणि वृक्षारोपण येते. त्या मंगळवारी त्या जास्तीचा अर्थ इतकाच होता : दार लावा आणि माणसांना घरी पाठवा.

वीस तास आधी : मंगळवार, दुपार

इमारतमालकानेच बोलावलेला अभियंता खांब पाहतो आणि इमारत धोकादायक आहे, रिकामी करा, असे सांगतो. याच अभियंत्याचा वरच्या मजल्यांच्या परवानगीशी संबंध होता, अशा संशयावरून पुढे त्यालाही अटक होते. पण मंगळवारी दुपारी तो जे सांगतो ते बरोबर आहे.

पंधरा-सोळा तास आधी : मंगळवार, संध्याकाळ

उपजिल्ह्याचा प्रशासकीय अधिकारी येऊन पाहणी करतो आणि फारसा धोका नसल्याचे सांगतो. इमारत पडल्यावर सरकार त्याला निलंबित करते. सोहेल राणाही बातमीदारांना सांगतो की काही विशेष नाही, इमारत सुरक्षित आहे.

आता कारखानदारांच्या हातात दोन मते आहेत. अभियंता म्हणतो रिकामी करा, अधिकारी म्हणतो चालेल. त्यातले दुसरे ते उचलतात, कारण अधिकाऱ्याचा शब्द म्हणजे कायद्याचे कवच. कामगारांना निरोप मिळतो : उद्या आठ वाजता कामावर.

बँक एक दिवस बंद राहिली तर फार काही बिघडत नाही. गारमेंट कारखान्याचे तसे नसते. शिपमेंटची तारीख चुकली तर खरेदीदार भाव कापतो, नाहीतर माल विमानाने पाठवायला लावतो, आणि विमानाचे भाडे कारखान्याच्या बोकांडी बसते. एका शर्टामागे सुटणारा नफा इतका बारीक असतो की अशा एका खेपेत महिन्याची कमाई धुऊन जाते. कारखानदारांचा गुन्हा यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण ती तारीख आणि तो भाव ठरवणारी माणसे सावारमध्ये राहत नव्हती, हेही लक्षात ठेवावे लागते.

दहा तास आधी : मंगळवार, रात्री अकरा

सावारमध्ये रात्रीचे अकरा वाजलेत तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे सहा आणि टोरंटोत दुपारचा एक वाजला आहे. राणा प्लाझात ज्यांचे कपडे शिवले जातात, त्यांतल्या प्रायमार्क आणि जो फ्रेश या दोन ब्रँडची दुकाने या बाजारांत आहेत. खरेदीदार कंपन्यांकडे या कारखान्यांच्या ऑडिटचे कागद आहेत. ऑडिटवाल्यांनी येऊन आग विझवण्याची नळकांडी मोजली, कामगारांची वये विचारली, पगारपत्रके चाळली. इमारतीचा ढाचा मात्र त्यांच्या तपासणीत धरलेलाच नव्हता. पुढे हेच कंपन्यांचे स्पष्टीकरण होते, आणि तेही खोटे नव्हते. जे तपासायचे नाही असे आधीच ठरले आहे, त्यात दोष कसा सापडणार?

एक तास आधी : बुधवार, २४ एप्रिल, सकाळी आठ

विरोधी पक्षांच्या ३६ तासांच्या हरताळाचा हा दुसरा दिवस. खालची दुकाने बंद. बँक बंद. कामगार आवारात घोळक्याने उभे आहेत आणि वर जायला तयार नाहीत. आत गेला नाहीत तर महिन्याचा पगार मिळणार नाही, अशी धमकी दिली गेल्याचे वाचलेल्या कामगारांनी नंतर सांगितले. महिना संपायला आठवडा उरलेला. किमान वेतन महिन्याला ३,००० टाका, म्हणजे तेव्हाच्या भावाने दोन हजार रुपयांच्या आसपास. घरभाडे, दुकानदाराची उधारी, गावी पाठवायचे पैसे, सगळे त्याच रकमेवर अवलंबून असते. त्यांच्याकडे संघटना नाही, आणि धोका दिसत असताना काम नाकारण्याचा लेखी हक्कही नाही.

तीन हजारांहून अधिक माणसे जिना चढतात.

बारा मिनिटे आधी : सुमारे पावणेनऊ

वीज जाते. सावारमध्ये हे रोजचेच. वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू होतात आणि त्यांचा हादरा खांबांतून खाली उतरतो. मशीन पुन्हा धडधडू लागतात.

शून्य : ८ वाजून ५७ मिनिटे

मजल्यावर मजला बसत जातो. आठ मजल्यांचा ढिगारा दोन-तीन मजल्यांच्या उंचीचा होतो.

पहिले तास

अग्निशमन दल आणि लष्कर यायच्या आधी आसपासची माणसे हाताला लागेल ते हत्यार घेऊन आत शिरतात. वरच्या भगदाडातून जखमींना खाली आणायला शिडी पुरत नाही, तेव्हा कारखान्यातलेच कापडाचे लांबलचक तागे उलगडून त्यांची घसरण केली जाते. विदेशी दुकानासाठी विणलेल्या त्या कापडावरून माणसे खाली येतात. दुसरीकडे कामगार कार्यकर्ते ढिगाऱ्यातून लेबले आणि ऑर्डरचे कागद वेचत असतात. माल कुणाचा होता हे जगाला दाखवायला दुसरा पुरावा नाही. खरेदीदारांची यादी कुठेच जाहीर नव्हती. प्रायमार्कने लवकर कबुली दिली. बेनेटनने आधी कानावर हात ठेवले, मग कागद समोर आल्यावर एकदाच ऑर्डर दिली होती असे म्हटले.

पाचव्या दिवशी सोहेल राणा भारताच्या सीमेवरच्या बेनापोलजवळ पकडला जातो. सतराव्या दिवशी ढिगाऱ्याखालून एक तरुणी जिवंत निघते. त्यानंतर कुणीच जिवंत सापडत नाही.

तीन आठवड्यांनंतर : मे २०१३ चा मध्य

दोन सह्यांवर अडकलेला तो कागद नव्या नावाने, ‘अकॉर्ड’ म्हणून, पुन्हा टेबलावर येतो. राणा प्लाझातून माल न घेणारी एच अँड एम सही करते, आणि मग रांग लागते. काही दिवसांत डझनावारी कंपन्या येतात, पुढे संख्या दोनशेच्या वर जाते. मुदत पाच वर्षांची, कारखाने सोळाशेहून जास्त. अहवाल जाहीर, वाद झाला तर लवादाचा निर्णय बंधनकारक, आणि इमारत धोकादायक वाटली तर आत न जाण्याचा कामगाराचा हक्क लेखी. वॉलमार्ट आणि गॅप यात येत नाहीत. ते ‘अलायन्स’ नावाची वेगळी मोट बांधतात.

अकॉर्डच्या पहिल्या फेरीत अकराशेच्या आसपास कारखाने तपासले जातात आणि ८० हजारांहून जास्त त्रुटी निघतात. या सगळ्या त्रुटी २३ एप्रिललाही तिथेच होत्या.

त्यानंतरची वर्षे

‘आर्थिकदृष्ट्या शक्य नाही’ या वाक्याचे काय झाले तेही पाहू. २०१२-१३ मध्ये बांगलादेशची तयार कपड्यांची निर्यात साडेएकवीस अब्ज डॉलरच्या आसपास होती. २०१८-१९ मध्ये ती चौतीस अब्जांच्या वर गेली. तपासणी आणि दुरुस्ती करूनही धंदा बुडाला नाही. त्यात एक खोट मात्र राहिली. दुरुस्तीचा बराच भार कारखानदारांवर पडला, आणि खरेदीदारांनी त्या प्रमाणात भाव वाढवले नाहीत. सही झाली तरी खिशात हात घालायची वेळ आली की घासाघीस संपत नाही.

कायद्याने काय केले? बळींच्या वतीने काही जणांनी कॅनडात जो फ्रेशची मालक असलेल्या लोब्लॉवर दावा लावला. ओंटारिओच्या न्यायालयाने २०१७ मध्ये तो फेटाळला, अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तेच कायम केले, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला नकार दिला. पुरवठादाराच्या कामगारांबाबत कंपनीवर कायद्याने तशी जबाबदारी येत नाही, असा त्याचा सारांश. लोब्लॉने पीडितांना भरपाई दिली होती, पण ती आपल्या मर्जीने. पीडितांसाठीचा ३ कोटी डॉलरचा निधीही ऐच्छिक देणग्यांतून उभा राहिला आणि पूर्ण व्हायला जून २०१५ उजाडला.

म्हणजे न्यायालयाने सांगितले की कंपनी कायद्याने काही देणे लागत नव्हती. मग प्रश्न उरतो की कायद्यापलीकडे काही देणे लागत होती का? अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडलेले उत्तर प्रसिद्ध आहे : खेळाचे नियम पाळून नफा वाढवणे हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी. या युक्तिवादाला वजन आहे. भागधारकांचे पैसे मॅनेजरने आपल्या मनाने का वाटावेत? समाजहित काय ते निवडून आलेल्या सरकारने ठरवावे, कंपनीच्या संचालकांनी नव्हे. पण हा युक्तिवाद गृहीत धरतो की नियम करणारा पंच खेळाडूंपासून वेगळा आहे. सावारमध्ये तसे नव्हते. मालक सत्ताधारी पक्षाच्या युवक संघटनेतला, बांगलादेशच्या संसदेत गारमेंट कारखानदार खासदार म्हणून बसलेले, आणि परवानगी देणारी नगरपालिका हाताशी. खरेदीदार या देशात आले ते स्वस्त मजुरीसाठी, आणि मजुरी स्वस्त होती त्याचे एक कारण म्हणजे तिथला कायदा कमजोर होता. ज्या कमजोरीवर भाव ठरतो, तिच्याच आड उभे राहून ‘आम्ही कायदा पाळतो’ म्हणणे म्हणजे एकाच मालाचे दोनदा पैसे घेणे.

राणा प्लाझा कोसळली त्याच वर्षी, ऑगस्ट २०१३ मध्ये, भारतात नवा कंपनी कायदा आला. मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत, असे त्यातले कलम १३५ सांगते. त्यातून गावोगाव शौचालये झाली, शाळांना संगणक मिळाले, ते वाया गेले असे कुणी म्हणणार नाही. पण धंद्याच्या रोजच्या ओघात केलेल्या गोष्टी या दोन टक्क्यांत मोजल्या जात नाहीत. राणा प्लाझात माणसे मेली ती नेमकी त्या रोजच्या ओघात : भाव, तारीख, पोटकंत्राट, ऑडिटचा तक्ता. नफ्यातले दोन टक्के कुठे गेले हे पाहताना उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले, हे विचारायचे राहून जाते.

फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांवर लक्ष ठेवणे सक्तीचे केले. जर्मनीचा तसा कायदा २०२३ पासून लागू झाला. म्हणजे काल जे ‘जास्तीचे’ होते ते आज कायद्यात आले. कायदा असाच वाढतो, आणि बहुतेक वेळा तो प्रेते मोजून झाल्यावर वाढतो. कंपनीचे समाजाला असलेले देणे या मधल्या काळातले आहे. धोका माहीत झाला आहे आणि कायदा अजून पोचलेला नाही, त्या काळात ती काय करते, यावर तिची पारख करावी. पीव्हीएच आणि चिबो यांनी त्या काळात सही केली. त्या संत नव्हत्या. पीव्हीएचने सही केली तीही अमेरिकेत टीव्हीवर ‘दॅट्स इट’च्या आगीची बातमी गाजल्यावर. तरी केली. आणखी दोघांनी ती मार्च २०१३ पर्यंत केली असती तर राणा प्लाझा वाचली असती, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण सोळाशे कारखाने तपासायला वर्षे लागतात. पण कुणीतरी तपासायला सुरुवात तरी केली असती.

म्हणून एखादी कंपनी आपल्या सामाजिक बांधिलकीचा गुळगुळीत अहवाल पुढे करील तेव्हा त्यातली छायाचित्रे बाजूला ठेवून एकच विचारावे : यातले कोणते वचन मोडले तर तुम्हाला कोर्टात खेचता येईल? उत्तर ‘एकही नाही’ असेल, तर ते देणे कंपनीने अजून मान्य केलेले नाही.